चिठ्ठीवर मी ‘अस्सल’ लिहिलं: तिसऱ्या वर्षाच्या एका चिनी डॉलरचं प्रकरण

मार्चमध्ये मी एका चिठ्ठीवर ‘अस्सल’ असा शब्द लिहिला, खाली सही केली, तारीख घातली. जूनमध्ये तो शब्द मागे घ्यावा लागला. नाणी जमवणारे आपल्याला लागलेल्या घबाडाच्या गोष्टी रंगवून सांगतात आणि फसल्याच्या गिळून टाकतात. नकळत दुसऱ्याला फसायला मदत केली असेल, तर मग विचारूच नका. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून, आकड्यांसकट लिहून काढतो आहे.

नाणं हाती आलं ते

माझा भाचा चीनमध्ये सूचौला यंत्रांच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या साठीला आला तेव्हा त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. “मामा, तुझ्याकडे तो मुंबईत पाडलेला चिनी डॉलर आहे ना, त्याला जोडी आणलीय.”

मुंबईत पाडलेला चिनी डॉलर म्हणजे ब्रिटिश ट्रेड डॉलर. १८९५ पासून मुंबईच्या आणि पुढे कलकत्त्याच्या टाकसाळीत ही नाणी निघत, पण ती इथे चालवायला नव्हती. हाँगकाँग, मलाया आणि चीनच्या बंदरांतल्या व्यापारासाठी ती जहाजांनी जात. एका बाजूला त्रिशूळ धरून उभी ब्रिटानिया. त्रिशुळाच्या मधल्या टोकावर, डोळे ताणले तर, इवलासा इंग्रजी ‘बी’ दिसतो, तो बॉम्बेचा. दुसऱ्या बाजूला मलय भाषेत आणि चिनीत ‘एक डॉलर’. चिनीतली ती दोन अक्षरं, ‘यी युआन’, एवढंच माझं चिनी वाचन. भाच्याच्या नाण्यावर नेमकी तीच होती, त्यामुळे अनोळखी गावात ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं.

नाणं होतं चीन प्रजासत्ताकाचा त्या वेळचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई याच्या मुखवट्याचं. चीनमध्ये त्याला ‘युआन दाथोउ’ म्हणतात, म्हणजे ‘युआन मोठ्या डोक्याचा’. नाव शोभणारं आहे: टकलाकडे झुकलेलं गोल डोकं, जाड मान, ओठावर मिशी, अंगात लष्करी गणवेश, तोंड डावीकडे. डोक्यावरून अर्धवर्तुळात सहा अक्षरं. ती उजवीकडून डावीकडे वाचायची: चीन प्रजासत्ताक, वर्ष तिसरं. पहिलं वर्ष १९१२, म्हणजे तिसरं १९१४. मागच्या बाजूला धान्याच्या दोन लोंब्यांची महिरप आणि मध्ये ‘यी युआन’.

भाच्याने ते रविवारच्या जुन्या बाजारात जमिनीवर चादर पसरून बसलेल्या एका माणसाकडून आजच्या चिनी चलनातल्या साडेनऊशे युआनला घेतलं होतं. गोष्टही सोबत आली होती: गावाकडचं घर पाडताना भिंतीतल्या मडक्यात सापडलं. बाजारात त्या दिवशी इतर लोक मागत होते त्याहून ते शंभर-दीडशे युआन स्वस्त होतं. हा आकडा मला आजही हुशारीचा वाटतो. फार स्वस्त दिलं असतं तर भाच्याच्याच मनात पाल चुकचुकली असती.

नाण्याबद्दल माहीत असायला हवं ते

१९११ च्या क्रांतीत चिंग राजवट कोसळली आणि नव्या प्रजासत्ताकाला प्रांतोप्रांतीच्या ड्रॅगन छापाच्या नाण्यांऐवजी देशभर एक नाणं हवं होतं. फेब्रुवारी १९१४ मध्ये कायदा झाला आणि त्या वर्षअखेर हे नाणं निघालं. ठसे कोरले त्यानचिन टाकसाळीतल्या लुइजी जॉर्जी या इटालियन कारागिराने. त्याची सही असलेली थोडी नमुना-नाणी आहेत. ती दुर्मीळ असल्यामुळे बाजारात सहीवाली खोटी नाणी मात्र मुबलक मिळतात. पुढे नानचिंग, वूचांग अशा अनेक टाकसाळींतून ही नाणी कोट्यवधींच्या संख्येने पाडली गेली. युआनने १९१५ च्या डिसेंबरात स्वतःला सम्राट जाहीर केलं, मार्चमध्ये ते मागे घेतलं आणि १९१६ च्या जूनमध्ये तो गेला. त्याचं डोकं मात्र चलनात राहिलं. आठव्या, नवव्या आणि दहाव्या वर्षाचे छाप निघाले, आणि ‘तिसरं वर्ष’ असलेली नाणीही १९१४ नंतर पुष्कळ वर्षं पाडली जात होती. नोव्हेंबर १९३५ मध्ये चीनने चांदीचं चलन सोडलं. तरी १९५० च्या दशकात तिबेटमध्ये कागदी नोटा कुणी घेईना, तेव्हा तिथे वाटायला हीच नाणी पुन्हा पाडावी लागली.

एवढा पसारा सांगायचं कारण पुढे येईल. टाकसाळी अनेक, वर्षं अनेक, ठसे शेकडो, म्हणजे अस्सल नाण्यांतही आपसांत बारीकसारीक फरक असतातच. खोटं नाणं विकणाऱ्याला यासारखी सोय दुसरी नाही. आणि तपासणाऱ्यालाही स्वतःची समजूत घालायला याहून सोपं निमित्त नाही.

वजनाचा नियम सात मेस दोन कँडरीन, ही जुनी चिनी वजनं. मेस हा शब्द मलयमधून इंग्रजीत गेला आणि त्याचं मूळ संस्कृत ‘माष’, म्हणजे तोळा-मासा-गुंजेतला आपला मासा. आपला मासा ग्रॅमच्या आतबाहेर, चिनी मेस पावणेचार ग्रॅमचा, तेव्हा नावावर जाऊ नये. ग्रॅममध्ये नाण्याचं वजन येतं २६.८६ च्या आसपास, म्हणजे आपल्या राणीछाप रुपयाच्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त. व्यास सुमारे ३९ मिलिमीटर. चांदी कायद्यात आधी ९० टक्के होती, ती लवकरच ८९ वर आली.

मार्च: चांदीची परीक्षा

लोहचुंबक चिकटलं नाही. नाणं तिरपं धरून त्यावरून छोटं पण जोरदार चुंबक सोडलं तर ते घरंगळत न जाता अडखळत, मधातून जावं तसं खाली सरकलं. चांदी वीज उत्तम वाहते म्हणून असं होतं. तांबंही जवळजवळ तसंच वागतं, म्हणून या परीक्षेने फक्त लोखंडी आणि निकेलच्या भिकार नकला गळतात. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३९.१. दोन्ही ठीक.

मग पाणी. ही परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण दोन हजार रुपयांच्या आतल्या काट्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होते. काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून आकडा शून्य करायचा. नाण्याला शिवणाचा बारीक दोरा बांधायचा, आणि ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं हातात लोंबकळत धरायचं. काटा जो आकडा दाखवेल तेवढ्या ग्रॅमचं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरडं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. नाण्याला चिकटलेला एखादा बुडबुडासुद्धा हिशेब बिघडवतो, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकतो. हात स्थिर हवा. माझा आता तितकासा राहत नाही, म्हणून कपाटाच्या मुठीला एक पट्टी बांधून दोरा तिला अडकवतो.

आकडा आला २.५९. दुसऱ्यांदा २.६०, तिसऱ्यांदा पुन्हा २.५९. म्हणजे घनता १०.२८ ते १०.३२. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६, ८९ टक्के चांदी आणि बाकी तांबं यांचा हिशेब १०.३० च्या जवळ येतो. हेच नाणं पितळेचं किंवा जर्मन सिल्व्हरचं असतं, वर चांदीचा मुलामा असता, तर काट्याने तीनच्या वर आकडा दाखवला असता. इथे तर अगदी बरोबर बसलं. खरं सांगायचं तर माझं मन तिथेच बनलं.

आवाजही ऐकला. आपल्याकडे बंदा रुपया फरशीवर आपटून ऐकायचे. चीनमध्ये लोक नाणं दोन नखांच्या चिमटीत मधोमध धरतात, कडेवर जोरात फुंकर मारतात आणि लगेच कानाशी नेतात. बारीक, लांबत जाणारी किणकिण ऐकू येते. मला ती ऐकू आली. भाचा म्हणाला, “विकणाऱ्याने पण हेच करून दाखवलं होतं.” तेव्हा आम्ही दोघं हसलो. आता त्या वाक्यावर मी थांबलो असतो.

शेवटी रविवार पेठेतल्या एका सराफाकडे टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढणाऱ्या मशीनखाली ठेवलं. चांदी ८९.३, तांबं १०.६. संध्याकाळी मी भाच्याला चिठ्ठी लिहून दिली: ‘चीन, युआन शिकाई, एक डॉलर, वर्ष ३, वजन २६.७३. अस्सल.’

खटकलं होतं, पण

माझ्या वहीत त्याच दिवशीच्या चार नोंदी आहेत. त्या खोटं नाणं पकडायला पुरेशा होत्या, आणि पहिल्या तिन्हींसमोर मी माझ्याच हाताने सबब लिहून ठेवली आहे.

‘कडेचे दाते फार एकसारखे, धारदार.’ समोर: ‘टाकसाळीप्रमाणे फरक असतो.’

‘कानावरचे केस पुसट.’ समोर: ‘झीज.’

‘खोलगट भागात काळपटपणा सगळीकडे सारखाच.’ समोर: ‘मडक्यात होतं.’ हे तर हास्यास्पद आहे. विक्रेत्याची गोष्ट मी पुरावा म्हणून वापरली. हा काळेपणा कसला असू शकतो हे घरोघरी माहीत आहे. ऑक्सिडाइज केलेल्या चांदीच्या झुमक्यांत खाचाखाचांतून असतो तो हाच. गंधकयुक्त पाण्यात बुडवून उंच भाग पुसून घेतले की पाच मिनिटांत शंभर वर्षं उतरतात.

चौथी नोंद: ‘कानाच्या पाळीखाली गालावर तिळाएवढा पोचा. मागे डाव्या लोंबीच्या पानावरून तिरका ओरखडा.’ समोर काहीच नाही. जुन्या नाण्यावर पोचे असायचेच. उलट त्या पोच्याने माझा विश्वास वाढवला. वापरलेलं दिसत होतं ना.

अण्णांकडे, म्हणजे माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांकडे, १९८२ साली घेतलेलं हेच नाणं आहे. शेजारी ठेवून बघायला हवं होतं. पण ते मुलीकडे नागपूरला गेले होते आणि भाच्याचं परतीचं विमान चार दिवसांवर होतं. नाणं तो माझ्याचकडे ठेवून जाणार होता, तेव्हा घाई कसलीच नव्हती. घाई चिठ्ठीची होती. त्याचा चेहरा बघत होतो, आणि त्याला ‘थांब, अजून नक्की नाही’ असं म्हणवेना.

सराफाचा प्रश्न

इथे थोडं आडवाटेने जातो. हाँगकाँगमध्ये गाड्यांच्या वाहनतळावर पैसे भरायच्या खिडकीवर आजही इंग्रजीत ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. तो आपलाच सराफ. अरबीतून आपल्याकडे आलेला शब्द कंपनीच्या काळातल्या इंग्रजीत शिरला आणि व्यापाराबरोबर कँटन आणि शांघायला पोचला. तिथल्या परदेशी पेढ्यांवर आणि बँकांत चांदी पारखणारा चिनी माणूस असे, त्याला श्रॉफ म्हणत. स्पॅनिश, मेक्सिकन, मुंबईचा, जपानी, कुठलाही डॉलर त्याच्या बोटांतून जाई. आवाज ऐकायचा, कड बघायची, वजन बघायचं, पसंत पडला तर पेढीचा बारीक ठसा त्यावर मारायचा. जुन्या मेक्सिकन डॉलरवर असे ठसे इतके सापडतात की मूळ गरुड शोधावा लागतो.

पण त्या श्रॉफचा प्रश्न एकच होता: यात चांदी पुरी आहे का? कारण नाण्याची किंमत म्हणजे चांदीची किंमत, थोडं इकडे-तिकडे. त्या काळातल्या खोटं पाडणाऱ्याला पुरी चांदी घालून नाणं पाडण्यात कमाईच नव्हती. तो शिसं घालणार, तांबं वाढवणार, नाणं चिरून आतून पोखरणार. अशा लबाड्या आवाजात, वजनात, पाण्यात उघड्या पडतात. मी मार्चमध्ये ज्या ज्या परीक्षा घेतल्या त्या सगळ्या १९२० च्या चोराला पकडायच्या होत्या.

आजचा हिशेब वेगळा आहे. नाण्याला चांदीच्या भावापेक्षा बरंच जास्त देणारे हौशी आहेत. म्हणजे ८९ टक्के चांदी, बरोबर वजन, बरोबर व्यास असं सगळं रीतसर देऊनही मधली रक्कम शिल्लक उरते. अशा नाण्याला सराफाने खरं म्हणावं हेच रास्त आहे. त्याला विचारलं चांदीबद्दल आणि त्याने उत्तर दिलं चांदीबद्दल. ‘हे नाणं त्या टाकसाळीत त्या ठशांनी पाडलं का’ हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

जून: तीन डोकी ओळीने

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. त्याच्या कारखान्यातल्या नाशिकच्या एका सहकाऱ्यानेही युआन शिकाईचे डॉलर घेतले होते, तीन. एक सासऱ्यांना, एक भावाला, एक स्वतःला. “त्याच माणसाकडून घेतलेत, मामा. मी तुझी चिठ्ठी दाखवली होती त्याला. त्याला वाटलं, माणूस खात्रीचा आहे. जरा फोटो बघशील?”

फोटो आला. हॉटेलातल्या पांढऱ्या चादरीवर तीन डोकी ओळीने मांडलेली. पहिलं काळसर, दुसरं स्वच्छ, तिसऱ्यावर तांबूस झाक. तिघांची वयं वेगळी वाटावीत असं. मी सवयीने पहिल्याच्या कानाखाली पाहिलं आणि पोटात गोळा आला. तिळाएवढा पोचा. दुसऱ्याच्या कानाखाली तोच. तिसऱ्याच्याही. मागच्या बाजूचे फोटो मागवले. डाव्या लोंबीचं पान, तिरका ओरखडा, तिघांवर, त्याच जागी, त्याच लांबीचा. माझ्या टेबलाच्या खणातलं धरून चार.

ठशातल्या दोषामुळे एकाच ठशाच्या हजारो नाण्यांवर तीच खूण येऊ शकते, हे खरं. पण ठशावर ओरखडा उठला तर तो नाण्यावर उंचवटा म्हणून उतरतो, खाच म्हणून नाही. नाण्यावरचा पोचा आणि नाण्यावरची खाच हे त्या एका नाण्याचं नशीब असतं: कुठल्या तरी गल्ल्यात, कुठल्या तरी दुसऱ्या नाण्याच्या कडेवर आपटून आलेलं. चार नाण्यांचं नशीब मिलिमीटरसकट सारखं असू शकत नाही. एखादं अस्सल नाणं घेऊन त्यावरून नवे ठसे बनवले गेले, आणि त्या मूळ नाण्याच्या अंगावरच्या जखमाही ठशांबरोबर उतरल्या.

पुन्हा तपासणी, यावेळी नाण्याची

अण्णा परत आले होते. त्यांचं नाणं घेऊन आलो, आणि दोन्ही दहापट भिंगाखाली आणि मग संगणकाला जोडायच्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

आधी पोचा. खरा पोचा कसा दिसतो हे डोळ्यांत भरावं म्हणून दागिन्यातून निघालेला, कडी डागलेला एक १९१८ चा रुपया घेतला, ज्याला संग्रहात काही किंमत नाही, आणि त्यावर खिळ्याचं टोक टेकवून हातोडीने हलका ठोका दिला. भिंगाखाली खड्ड्याच्या काठावर बाहेर ढकलली गेलेली चांदी उचललेली दिसते, बोटाच्या टोकाला लागते. खड्ड्याचा तळ आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो, कारण तिथला धातू ताजा दबलेला असतो. अण्णांच्या नाण्यावरच्या तीन-चार पोच्यांचं रूप असंच, फक्त काठ हाताळून बोथट झालेले.

भाच्याच्या नाण्यावरचा पोचा तसा नव्हता. काठावर उचललेली चांदी नाही. कड गोल, मऊ, लोण्यात बोट टेकल्यासारखी. आणि तळाचा पोत गालाच्या पोतासारखाच, जणू गाल आणि खड्डा एकाच क्षणी जन्मले. तसे ते जन्मलेच होते.

मग अक्षरांच्या मधल्या सपाट जागा. अण्णांच्या नाण्यावर प्रकाश फिरवला की मध्यातून कडेकडे जाणाऱ्या अतिबारीक रेषा आऱ्यांसारख्या फिरतात. ठसा आपटला की धातू बाहेरच्या बाजूला वाहतो, त्याच्या त्या खुणा. वापराने त्या पुसट झाल्या होत्या, पण लोंब्यांच्या आडोशाला शिल्लक होत्या. भाच्याच्या नाण्यावर त्या रेषांऐवजी रव्याच्या कणांसारखे सूक्ष्म उंच ठिपके होते, अक्षरांच्या अंगावर दाटीने. विजेच्या ठिणग्यांनी पोलाद खात खात ठसा घडवला की त्यात बारीक खड्डे राहतात. ते नीट घासून काढले नाहीत तर नाण्यावर असे पुटकुळ्यांसारखे उमटतात. ठशाचे उंच भाग पॉलिश करता येतात, अक्षरांच्या खोल खाचांत हात पोचत नाही.

केसांचा पुसटपणा झिजेचा आहे असं मी मार्चमध्ये लिहिलं होतं. झीज खरी होती, पण उसनी, मूळ नाण्याची. आणि वजन तर मी स्वतःच मोजलं होतं. अण्णांच्या नाण्यावर साधारण तेवढीच झीज, आणि त्याचं वजन २६.५८. भाच्याचं २६.७३. एवढं घासलेलं दिसणाऱ्या नाण्याने पुऱ्या वजनातून जेमतेम एक अष्टमांश ग्रॅम गमावला होता. एकट्या या फरकावर निकाल देता येत नाही, कारण टाकसाळीतून निघतानाच नाणी थोडी कमी-जास्त असत. पण बाकीच्यांच्या रांगेत तो नीट बसतो.

कडेबद्दल एवढंच: दोन्ही तोंडं मूळ नाण्यावरून उचलता येतात, कड मात्र वेगळी घडवावी लागते. दोन नाणी एकावर एक उभी धरून पाहिली तर दात्यांची रुंदी जुळत नव्हती. तरी टाकसाळींतला फरक लक्षात घेता याला मी दुय्यमच मानतो.

अण्णांचं नाणं सराफाच्या त्याच मशीनखाली नेलं. चांदी ९०.१, तांबं ९.५, आणि शिसं व सोनं यांचा किंचित अंश. जुन्या चांदीत, जी आजच्यासारखी विजेने शुद्ध केलेली नाही, असे अंश बहुधा सापडतात. भाच्याच्या नाण्यात चांदी आणि तांब्याशिवाय नोंद घेण्याजोगं काहीच नव्हतं. मशीन फक्त वरच्या कातडीचा टंच वाचतं आणि इतक्या बारीक अंशांवर ते फार भरवशाचं नसतं, म्हणून मी याला साक्षीदार म्हणतो, न्यायाधीश नव्हे. शिवाय उद्या कुणी झिजलेली जुनी नाणीच वितळवून त्याची चकती केली तर ही साक्षही जाईल.

अण्णा सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी आपलं नाणं उचललं, चष्मा कपाळावर ढकलून दहा सेकंद पाहिलं आणि म्हणाले, “माझ्याचं काय रे? माझं पण तपासलंस का, की ते ब्याऐंशीचं म्हणून सोडलंस?” प्रश्न बरोबर होता. मी ते कसोटी म्हणून वापरलं होतं, आणि कसोटीचा दगड तपासायचा असतो हे विसरलो होतो. त्याच्या आऱ्या, पोचे, कड, अंश सगळं जुळत होतं, आणि संग्रहालयांच्या छापील सूचींतल्या ठळक छायाचित्रांशी केस आणि लोंब्यांचे दाणे मोजून पाहिले तेही जुळले. तेव्हा त्यांनी ते पुन्हा पाकिटात घातलं.

पुढचं

भाच्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न: “पण चांदी खरी ना, मामा?” हो, चांदी खरी. चोवीस ग्रॅमला थोडी कमी, तेवढ्या भावाची ती आहेच. साडेनऊशे युआन मात्र त्यात नव्हते.

सहकाऱ्याला सांगायचं काम भाचा माझ्याकडून करून घेऊ बघत होता, आणि ते माझंच होतं, कारण तीन नाणी माझ्या चिठ्ठीवर गेली होती. नाशिकचा माणूस शांतपणे ऐकून घेत होता. एक नाणं तोवर सासऱ्यांच्या देवघरात पोचलं होतं, लक्ष्मीच्या चांदीच्या रुपयांशेजारी. ते परत आणणार नाही म्हणाला, आणि त्यावर मी काय बोलणार? उरलेली दोन घेऊन तो पुढच्या रविवारी बाजारात गेला. त्या जागी दुसऱ्याच कुणाची चादर होती, त्यावर प्लास्टिकच्या बुद्धमूर्ती.

एखाद्या प्रमाणीकरण कंपनीकडे नाणं पाठवून बंद डबीत सील करून घ्यायला हवं होतं, असं अण्णांचं मत. ते बरोबर आहे, पण हजार युआनच्या आसपासच्या नाण्याला तो खर्च सहज कुणी करत नाही, हेच या धंद्याने हेरलेलं असतं. आणि त्या डब्यांच्याही नकला मिळतात. त्यामुळे डबी दिसली तरी आतला क्रमांक कंपनीच्या नोंदीतल्या छायाचित्राशी, पोच्यासकट, जुळवून पाहावा लागतो.

जुनी चिठ्ठी भाच्याने फाडायची तयारी दाखवली होती. मी ती परत मागवली आणि वहीत चिकटवली, ‘अस्सल’वर एक रेघ मारून, वाचता येईल अशी. नवी चिठ्ठी दोघांना पाठवली आहे: ‘युआन शिकाई, वर्ष ३, असा छाप. वजन २६.७३ ग्रॅम, घनता १०.३, चांदी सुमारे ८९ टक्के. अस्सल नाण्यावरून उतरवलेल्या ठशांनी अलीकडे पाडलेलं. खूण: कानाखाली पोचा, डाव्या लोंबीच्या पानावर ओरखडा. या खुणांची आणखी दिसली तर कळवावं.’

ऑगस्टमध्ये भाच्याने आणखी एकाचा फोटो पाठवला. पोचा होता. ओरखडा मात्र कुणीतरी घासून काढला होता.